मोऱ्यांचा हिशेब

पाटणचा डेपो सोडल्यापासून शेवटच्या थांब्यापर्यंत
सत्तेचाळीस मोऱ्या.
मी मोजल्यात, तिकिटाचं मशीन पोटाशी धरून.
मोरी आहे म्हणजे खालून कधीतरी पाणी जातं,
सरकार उगाच पाईप पुरत नाही.

दिनकरमामा पलटणीतून सुटून आले तेव्हा
काश्मिरातनं अक्रोड नाही आणले, शाल नाही.
तंबूच्या कापडात गुंडाळलेली एक काठी आणली,
चार तुकड्यांची, चाबकासारखी लवणारी,
आणि बिस्किटाच्या डब्यात साठ माश्या.
पिसांच्या, दोऱ्याच्या, गळावर बांधलेल्या,
तिकडच्या ट्राऊटला खऱ्या वाटाव्यात अशा.
"इथं कुठला ट्राऊट," मामा म्हणायचे,
"त्याला बर्फाचं पाणी लागतं.
आपल्याकडं बर्फ फक्त स्टँडवर, उसाच्या रसात."

मामा गेले. जमीन भावांनी वाटून घेतली.
काठीवर कुणी हक्क सांगितला नाही.

तेव्हापासून शोधतेय.
लांबचं नको. लांबच्यासाठी रजा लागते.
ड्युटी उतरल्यावर, अंधाराच्या आत
स्कुटीवर जाऊन येता येईल, एवढ्यातलं पाणी.

बारा नंबरच्या मोरीवर पोल्ट्री, पाण्याला वास.
एकोणीस कार्तिकात बरी, माघात नुसते गोटे.
सव्वीसला कुणीतरी जिलेटिन टाकलं होतं,
अजून तिथले बेडूकसुद्धा
बेताने बोलतात.

जुन्या माश्या झिजल्या, मग घरीच बांधायला लागले.
मोरगिरीच्या बाजारातल्या कोंबड्याची मान,
आईच्या शालूची उसवलेली जर,
बांधावर सापडलेल्या मोरपिसाचे चार केस.
मुल्लाभाई, आमचे ड्रायव्हर, विचारतात,
"सुट्टीला काय करता, बाई?"
"माश्या बांधते."
"आम्ही मारतो," म्हणाले, "डेपोत बसून."

बमाबाई येडगे वरच्या वाड्यावरनं लोणी घेऊन येते,
पंचाहत्तरीची, तिला तिकीट नाही.
पुढच्या सीटवर बरणी मांडीत.
तिला विचारलं, मासे कुठल्या ओढ्याला?
ती म्हणाली, "पाण्यात काय बघतीस?
खंड्या बघ.
रोजचा जिथं बसतोय,
तिथलं दुकान चालू हाय."

मग पाणी सोडून तारा बघायला लागले.
सुट्टे पैसे देताना दोनदा चुकले.

एका मोरीशी, वाकलेल्या जांभळीवर, तो होता.
दुसऱ्या दिवशीही. गुरुवारीही.
त्या मोरीचा नंबर
मी इथे लिहिणार नाही.

वर चढून गेलं की दोन बाजांएवढा डोह.
तळातला प्रत्येक खडा मोजून घ्यावा असं पाणी.
पहिला झोका करवंदीच्या जाळीत अडकला,
दुसराही, त्याच जाळीत.
माशी सोडवताना हात ओरबाडले,
मामांना चार शब्द सुनावले.
तिसऱ्याला माशी टेकली, अवघडून,
रिझर्व्हेशनच्या सीटवर चुकून बसलेल्यासारखी.

आणि कुणीतरी खालून
घंटीची दोरी ओढली.

खडशी. वीतभर. नव्या पितळेचे खवले,
कल्ल्यांची उघडझाप.
हात आधी ओले केले, मामांनी शिकवलं होतं तसे.
गळ काढला. ओंजळ पाण्यात नेली.
क्षणभर ती तिथेच थांबली,
खरंच उतरायचं का, अशी.
मग नव्हतीच.

सतरा वर्षांच्या नोकरीत
विनातिकीट सोडलेली पहिलीच.

घरी सांगितलं तर सासू म्हणाली,
सोडायचीच होती तर गेलीस कशाला?
याला उत्तर नाही. कालवण तरी झालं असतं.

आता सकाळची गाडी त्या मोरीवर आली
की माझा हात उगाच दोरीकडे जातो.
मुल्लाभाई ब्रेकवर पाय ठेवतात, आरशातनं बघतात.
"कुणी उतरतंय का?"

"नाही," म्हणते,
आणि डबल मारते.